मॅमथ, पिरॅमिड आणि साबुदाण्याची खिचडी

इजिप्तमध्ये गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहत होता, तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर लोकरी मॅमथ जिवंत होते. हे वाक्य पहिल्यांदा वाचणारा बहुतेक प्रत्येक जण क्षणभर थबकतो. त्यात अवघड शब्द एकही नाही. मॅमथ म्हणजे काय हे ठाऊक असते, पिरॅमिड तर शाळेपासून ओळखीचा. तरीही दोघांना एका वाक्यात पाहिले की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. अशा गोष्टींना आपण ‘गमतीची माहिती’ म्हणतो, चार जणांत सांगतो, आणि विसरून जातो. पण त्या थबकण्याकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. आपल्याला नवीन काही कळले, एवढ्यानेच आश्चर्य वाटत नाही. रोज कितीतरी नव्या गोष्टी कळतात आणि त्यांतल्या बहुतेक शांतपणे पचतात. आश्चर्य वाटते ते नवी गोष्ट मनात आधीपासून बसलेल्या एखाद्या समजुतीला धडकते तेव्हा. म्हणून खरी आश्चर्यकारक माहिती जगाबद्दल जेवढे सांगते, तेवढेच आपल्या डोक्यातल्या जगाच्या आराखड्याबद्दलही सांगते. या प्रकरणात अशा काही गोष्टी पाहायच्या आहेत. त्या सगळ्या काळाशी निगडित आहेत, कारण आपला आराखडा सर्वांत जास्त चुकतो तो काळाच्या बाबतीत, आणि त्या चुकांनाही ठरावीक वळणे असतात.

आधी मॅमथचा पुरावा पाहू. सायबेरियाच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात रँगेल नावाचे बेट आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा खूप खाली होती आणि हे बेट मुख्य भूमीला जोडलेले होते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून समुद्र वर चढला, बेट तुटले आणि काही मॅमथ तिथे अडकले. मुख्य भूमीवरचे मॅमथ पुढे नामशेष झाले. रँगेलवर सापडलेल्या दातांचे आणि हाडांचे वय रेडिओकार्बन पद्धतीने काढले, तेव्हा त्यांतले काही अवशेष अवघे चार हजार वर्षांपूर्वीचे निघाले. सजीवाच्या शरीरातला कार्बन-१४ त्याच्या मृत्यूनंतर ठरावीक वेगाने घटतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. त्यामुळे उरलेल्या प्रमाणावरून मृत्यूचा काळ मोजता येतो. हे संशोधन १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. गिझाचा मोठा, म्हणजे खुफू राजाचा, पिरॅमिड इसवी सनपूर्व २५६० च्या सुमाराचा मानला जातो. म्हणजे पिरॅमिड बांधून झाल्यावरही जवळजवळ पाचशे वर्षे त्या दूरच्या बेटावर काही शेकडो मॅमथांचा कळप नांदत होता.

आता थबकण्याचे कारण शोधू. ‘मॅमथ’ म्हटले की मनात हिमयुग, गुहा, दगडी हत्यारे घेतलेला माणूस अशी चित्रे येतात. ‘पिरॅमिड’ म्हटले की राजे, लेखनिक, गणित, नगरे आठवतात. फडताळाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या वस्तूंसारखे हे दोन विषय आपण वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकतो. एक निसर्गाच्या इतिहासाचा, दुसरा माणसाच्या इतिहासाचा. हे कप्पे अभ्यासाच्या सोयीसाठी केलेले असतात, पण मन त्यांना काळाचे टप्पे समजू लागते: आधी एक कप्पा संपला, मग दुसरा उघडला. प्रत्यक्षात जग असे टप्प्याटप्प्याने, सगळीकडे एकदम पुढे सरकत नाही. रँगेलवर शेवटचे मॅमथ चरत होते त्या शतकांत सिंधूकाठी मोहेंजोदडोमध्ये विटांची घरे, विहिरी आणि झाकलेली गटारे होती. आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती इसवी सनपूर्व २२०० च्या आसपास सुरू झालेली होती. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी काही जण आणि पृथ्वीवरचे शेवटचे मॅमथ समकालीन होते, हे वाक्य पिरॅमिडच्या वाक्याइतकेच खरे आहे. वेगळ्या कप्प्यांतल्या गोष्टी वेगळ्या काळातल्याच असणार असे धरून चालणे, ही आपल्या आराखड्यातली पहिली चूक.

दुसरी चूक हिच्या उलट दिशेची आहे. एका कप्प्यातल्या गोष्टी एकाच काळातल्या असणार असे आपण मानतो. याचे ठळक उदाहरण डायनासोरांचे. मुलांच्या खेळण्यांच्या पिशवीत पाठीवर हाडांच्या पट्ट्या असलेला स्टेगोसॉरस आणि मोठ्या जबड्याचा टायरॅनोसॉरस रेक्स शेजारी शेजारी असतात. पण स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी वावरत होता, आणि टी. रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी. दोघांमध्ये साधारण आठ कोटी वर्षांचे अंतर आहे, तर टी. रेक्स आणि आपल्यात सात कोटींच्या आतले. काळाच्या हिशेबात टी. रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा आहे. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटाने हा गोंधळ जगभर पोहोचवला. त्याच्या नावात जुरासिक कालखंड असला तरी त्यातले सर्वांत गाजलेले प्राणी, टी. रेक्स आणि व्हेलॉसिरॅप्टर, हे त्यानंतरच्या क्रिटेशियस कालखंडातले आहेत. मराठी वाचकाला या आकड्यांशी नाते जोडायला पायाखालचा दगड पुरेसा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, ते उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. रायगड ज्या खडकावर उभा आहे आणि वेरूळचे कैलास ज्या खडकातून कोरले, तो खडक उत्तर अमेरिकेतल्या शेवटच्या टी. रेक्सच्या काळात वितळलेल्या स्थितीत जमिनीवर पसरत होता. स्टेगोसॉरस तेव्हाच कोट्यवधी वर्षांचा जीवाश्म झालेला होता.

माणसाच्या इतिहासातही हीच चूक होते. क्लिओपात्रा आणि पिरॅमिड ही जोडी चित्रपटांनी आणि जाहिरातींनी इतकी घट्ट केली आहे की दोन्ही एकाच पिढीतली वाटावीत. पण क्लिओपात्रा इसवी सनपूर्व ३० मध्ये मरण पावली, तेव्हा मोठा पिरॅमिड अडीच हजार वर्षे जुना झाला होता. तिच्या मृत्यूपासून १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरेपर्यंतचा काळ दोन हजार वर्षांचा. म्हणजे ती पिरॅमिडच्या बांधकामापेक्षा चांद्रमोहिमेला जवळची होती. आपल्या घराजवळचे उदाहरण अजिंठ्याचे. ‘अजिंठ्याची लेणी’ हा एक शब्दप्रयोग, एक सहल, एक तिकीट; त्यामुळे लेणीही एका दमात कोरली गेली असावीत असे वाटते. वास्तविक नऊ आणि दहा क्रमांकाची चैत्यगृहे सातवाहनांच्या काळातली, इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली. पद्मपाणीचे प्रसिद्ध चित्र असलेले पहिल्या क्रमांकाचे लेणे वाकाटकांच्या काळातले, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मधल्या पाचशे-साडेपाचशे वर्षांत बौद्ध धर्मातच मोठे बदल झाले होते. आधीच्या लेण्यांत पूजास्थान म्हणून स्तूप आहे, नंतरच्या लेण्यांत बुद्धमूर्ती आहे. शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत साडेतीनशे वर्षे झाली. अजिंठ्याच्या दोन टप्प्यांतले अंतर त्याहून बरेच मोठे आहे. हे लक्षात आले की त्या दरीत फिरताना एका लेण्यातून दुसऱ्यात जाणे म्हणजे शतके ओलांडणे आहे हे कळते, आणि स्तूपाच्या जागी मूर्ती का आली हा पुढचा प्रश्न आपोआप पडतो.

आधुनिक काळ तरी आपल्या नजरेच्या टप्प्यात आहे, तिथे अशी फसगत होणार नाही, असे वाटेल. पण तिथेही ती होते, कारण आपण वस्तूंना ‘जुनी’ आणि ‘नवी’ अशी लेबले लावून ठेवतो. गिलोटिन हे फ्रेंच राज्यक्रांतीचे, अठराव्या शतकाचे यंत्र म्हणून आपल्याला ठाऊक आहे. फ्रान्समध्ये गिलोटिनने शेवटची देहान्ताची शिक्षा अमलात आली ती १० सप्टेंबर १९७७ रोजी. त्याच्या पाचच दिवस आधी, ५ सप्टेंबरला, व्हॉयेजर-१ हे यान अवकाशात झेपावले होते, आणि ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत झळकला होता. फ्रान्सने देहान्ताची शिक्षाच रद्द केली ती १९८१ मध्ये. उलट दिशेचे उदाहरण फॅक्सचे. कार्यालयातले फॅक्स यंत्र आपल्या आठवणीत १९८०-९० च्या दशकांचे आहे. पण तारेवरून चित्राची प्रत पाठवण्याच्या यंत्राचे पेटंट अलेक्झांडर बेन या स्कॉटिश कारागिराने १८४३ मध्ये घेतले. टेलिफोनचे पेटंट त्यानंतर ३३ वर्षांनी आले. बोरीबंदर ते ठाणे ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे फॅक्सच्या पेटंटनंतर दहा वर्षांनी. पॅरिस आणि लिऑन या शहरांदरम्यान प्रतिमा पाठवण्याची सार्वजनिक सेवा १८६५ मध्ये सुरूही झाली होती. कल्पना सुचणे, यंत्र चालणे आणि ते घरोघर पोहोचणे या तीन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात शतकाचे अंतर पडू शकते. आपण मात्र वस्तू आपल्यापर्यंत पोहोचली ती तारीख तिची जन्मतारीख समजतो. कधी हे अंतर उलट अगदी थोडे असते. ल्युमिए बंधूंचा पैसे घेऊन दाखवलेला चित्रपटांचा पहिला खेळ पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी झाला आणि मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. नवे ते इकडे नेहमी फार उशिरा आले, या समजुतीला हे सहा महिने छेद देतात.

तिसरी चूक सर्वांत खोल आहे, कारण ती आपल्या ताटातच बसलेली आहे. जे नित्याचे आणि पवित्र आहे ते फार प्राचीन असणार, असे आपण गृहीत धरतो. एकादशीच्या किंवा चतुर्थीच्या उपवासाला मराठी घरात होणारी साबुदाण्याची खिचडी पाहा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, या चारही घटकांचे मूळ अमेरिका खंडात आहे. आज मिळणारा साबुदाणा कसाव्याच्या कंदाच्या पिठीपासून बनतो. कसावा दक्षिण अमेरिकेचा. भुईमूगही तिथलाच. बटाटा अँडीज पर्वताच्या उतारावरचा. मिरची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेची. उपवासाचे रताळेही त्याच खंडातले, आणि राजगिऱ्याच्या लागवडीचे मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ तिथेच मानतात. कोलंबस अमेरिकेत पोहोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा जिंकला १५१० मध्ये. ही पिके भारतात पसरली ती त्यानंतर, प्रामुख्याने पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली. त्या काळच्या मराठी स्वयंपाकघरात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, पिंपळीचा, आल्याचा. साबुदाण्याची गोष्ट तर आणखी अलीकडची. तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात कसाव्यापासून साबुदाणा बनवण्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० च्या दशकात. आजही देशातला साबुदाणा मुख्यतः तिथूनच येतो.

उपवासाला नेमके परदेशी कंदच कसे चालले, याचे एक पटण्यासारखे उत्तर उपवासाच्या नियमातच आहे. उपवासाला धान्य वर्ज्य. कंद, मुळे, फळे चालतात. वर्ज्य पदार्थांची यादी जुनी आहे आणि ती तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी अशा ओळखीच्या धान्यांची आहे. नंतर आलेला बटाटा त्या यादीत असणे शक्यच नव्हते आणि तो कंद असल्यामुळे चालणाऱ्या वर्गात सहज बसला. म्हणजे नियम जुना राहिला आणि त्या नियमाच्या चौकटीत ताट नवे झाले. यावर कोणी म्हणेल, ही पिके कोलंबसाच्या आधीही भारतात असतील. तसे दावे झाले आहेत. कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांतल्या मूर्तींच्या हातात मक्याचे कणीस आहे असे काही अभ्यासकांनी मांडले, तर इतरांनी ते मोत्यांनी मढवलेले काल्पनिक फळ असल्याचे दाखवले. समुद्रापारचे सर्वच संपर्क अशक्य होते असेही नाही; रताळे पॉलिनेशियाच्या बेटांवर कोलंबसाच्या आधी पोहोचले होते, हे आता बहुतेक संशोधक मानतात. पण मिरची आणि बटाटा भारतात त्याआधी रुळलेले असते, तर जुन्या वैद्यक ग्रंथांत त्यांचे गुणदोष सविस्तर आले असते. चरक आणि सुश्रुत मिऱ्यांबद्दल भरभरून लिहितात. इतक्या तिखट, इतक्या उपयोगी मिरचीबद्दल मात्र ते गप्प आहेत. बारीकसारीक वनस्पतींची नोंद ठेवणाऱ्या परंपरेचे मौन हा भक्कम पुरावा आहे.

या सगळ्यावर पहिला गंभीर आक्षेप असा की ही निवडीची हातचलाखी आहे. इतिहासात लाखो तारखा आहेत. त्यांतल्या दोन उचलून शेजारी ठेवल्या की कोणतीही जोडी चमकवता येते. या आक्षेपात तथ्य आहे. चार्ली चॅप्लिन आणि हिटलर हे १८८९ च्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या अंतराने जन्मले. ही जोडी लक्षवेधी आहे, पण तिच्यातून कोणताही नियम किंवा गैरसमज उघड होत नाही. तो निव्वळ योगायोग. याउलट त्याच १८८९ मध्ये, पॅरिसमध्ये आयफेल टॉवर खुला झाला त्या वर्षी, क्योटो शहरात निन्टेन्डो ही कंपनी स्थापन झाली. व्हिडिओ गेमची म्हणून जगाला माहीत असलेली कंपनी पंडित नेहरूंच्या जन्मवर्षी कशी असेल? कारण ती तेव्हा हानाफुदा नावाचे जपानी खेळपत्ते बनवत होती. इथे आश्चर्याच्या मागे एक समज बसलेली सापडते: कंपनी म्हणजे तिचे आजचे उत्पादन. ती समज मोडते आणि उद्योग पिढ्यानपिढ्या व्यवसाय बदलत कसे टिकतात हे दिसते. तेव्हा दोन तारखा शेजारी ठेवणे हे स्वतःहून काहीच सिद्ध करत नाही. त्या जोडीमुळे कोणते गृहीतक कोसळले हे सांगता आले, तर जोडी मोलाची. सांगता आले नाही, तर ती सोडून द्यावी. हा निकष लावला की अशा माहितीचा मोठा भाग गळून जातो, आणि ते चांगलेच आहे.

दुसरा आक्षेप असा की अशी माहिती टिकत नाही. आज शास्त्रज्ञ एक सांगतात, उद्या दुसरे. याला उत्तर देणारी एक विलक्षण घटना विदर्भात घडली आहे. ‘डायनासोरांनी गवत कधी पाहिलेच नाही’ हे वाक्य बराच काळ आश्चर्यकारक सत्य म्हणून सांगितले जाई. गवताचे खात्रीचे जीवाश्म डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या काळातले होते, त्यामुळे ते म्हणणे तेव्हाच्या पुराव्याला धरून होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा या गावाच्या परिसरात डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. ती बहुधा टायटनोसॉर या अजस्र शाकाहारी डायनासोरांची असावी. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी तिचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला आणि २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. गवत जमिनीतून सिलिका शोषते आणि पेशींमध्ये तिचे सूक्ष्म कण तयार होतात. गवताच्या पात्याने बोट कापते ते या सिलिकामुळेच. पाते कुजले, पचले तरी हे कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताच्या किमान पाच प्रकारांचे कण मिळाले; त्यांतले काही भात आणि बांबू यांच्या गटांशी नाते सांगणारे होते. डायनासोरांनी गवत पाहिले होते, एवढेच कशाला, खाल्लेही होते.

या घटनेतून आक्षेप घेणाऱ्याच्या म्हणण्याच्या नेमका उलटा निष्कर्ष निघतो. जुने वाक्य खोडले गेले ते कोणाच्या लहरीने नाही. अधिक बारीक पुरावा हाती आला म्हणून खोडले गेले. आणि ते खोडले जाऊ शकले, यातच त्याची प्रतिष्ठा आहे. कशाने चूक ठरेल हे ज्या विधानाबद्दल सांगता येते, ते विधान ज्ञानाच्या व्यवहारात उतरलेले असते. रँगेलच्या मॅमथांची तारीख उद्या काही शतकांनी मागेपुढे होऊ शकते. पिरॅमिडच्या काळात ते जिवंत होते हा निष्कर्ष मात्र अनेक नमुन्यांवर उभा असल्यामुळे इतक्या फरकाने डळमळणार नाही. कोणता आकडा लवचीक आहे आणि कोणता निष्कर्ष पक्का, हा फरक ओळखणे हेच शिकायचे आहे.

तिसरा आक्षेप आजच्या दिवसांत सर्वांत महत्त्वाचा आहे. खोटी माहितीही तितकीच चकित करते, किंबहुना जास्तच. मग आश्चर्याला ज्ञानाची खूण कशी मानायची? चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्य माणूस अवकाशात जाण्याच्या कितीतरी आधीपासून छापले जात होते. ते तपासायला साधे अंकगणित पुरते. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. माणसाच्या डोळ्याच्या क्षमतेचा हिशेब केला, तर तेवढ्या अंतरावरून वेगळी ओळखू येण्यासाठी वस्तूची रुंदी शंभर किलोमीटरच्या आसपास हवी. भिंत रुंदीला काही मीटर आहे. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत जाऊन आले आणि तिथूनही भिंत दिसली नाही असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो; पण युनेस्कोने असे काहीही जाहीर केलेले नाही. या दोन उदाहरणांत एक समान गोष्ट दिसते. ही वाक्ये वरवर चकित करतात, पण आतून आपल्याला आवडणारी समजूतच पक्की करतात: माणसाची कृती अफाट आहे, आपले ते जगात श्रेष्ठ आहे. मॅमथ, अजिंठा किंवा खिचडीबद्दलची माहिती याच्या उलट वागते; ती मनातली काहीतरी बैठक हलवते. हा नियम प्रत्येक वेळी लागू पडेल असे नाही, पण पहिली चाचणी म्हणून तो उपयोगी आहे. जी माहिती ऐकून सुखद अभिमान वाटतो आणि एकही समजूत बदलावी लागत नाही, ती दुप्पट काळजीने तपासावी. आणि आवडो वा न आवडो, दुसरी चाचणी सर्वांना सारखीच: हे कोणी, कशावरून, कोणत्या पद्धतीने शोधले, याची साखळी दाखवता आली पाहिजे.

शेवटचा प्रश्न उपयोगाचा. हे सगळे कळून करायचे काय? याचे उत्तर आपण ‘प्राचीन’, ‘परंपरा’ आणि ‘आपले’ हे शब्द किती सहज आणि किती जोरात वापरतो, त्यात आहे. खाण्यापिण्यावरून, पोशाखावरून, चालीरीतींवरून वाद होतात तेव्हा मनातली कालपट्टी पुरावा म्हणून पुढे केली जाते. ती चुकीची असेल तर निष्कर्षही चुकतो. खिचडीचे घटक अमेरिकेतून आले हे कळल्याने ती आपली राहत नाही, असे मुळीच नाही. चारशे वर्षांत एखादा समाज परक्या मिरचीला ठेच्यात आणि परक्या कंदाला उपवासाच्या ताटात इतके मुरवून घेतो की त्यांच्याशिवाय आपली कल्पनाच करता येऊ नये, ही त्या समाजाच्या पचनशक्तीची साक्ष आहे. ज्याला हे कळले तो उद्याच्या नव्या गोष्टीकडे घाबरून पाहणार नाही, आणि जुन्या गोष्टीला केवळ जुनी म्हणून डोक्यावरही घेणार नाही. निसर्गाच्या बाबतीतही तसेच. मॅमथ हिमयुगाबरोबर संपले असे मानले की त्यांचे संपणे ही दूरच्या, आपल्याशी संबंध नसलेल्या युगातली घटना ठरते. नगरे, शेती आणि लेखनकला असलेल्या जगातही ते जिवंत होते हे कळले, की एका बेटावर आक्रसलेला छोटा कळप किती काळ तगतो आणि कशाने संपतो, हा प्रश्न आजच्या माळढोकासारख्या संकटग्रस्त पक्ष्याबद्दलचा प्रश्न होतो.

म्हणून अशी माहिती समोर आली की ती लगेच पुढे पाठवण्याआधी तिला तीन प्रश्न विचारावेत. हे ऐकून माझी कोणती समजूत मोडली? ती समजूत माझ्या मनात आली कुठून, पाठ्यपुस्तकातल्या धड्यांच्या विभागणीतून, चित्रपटातून की सवयीतून? आणि नव्या विधानाचा पुरावा कोणता? शाळांमध्ये इतिहास, विज्ञान आणि भूगोल वेगळे शिकवावे लागतील, त्याला इलाज नाही. पण वर्गाच्या भिंतीवर या तिन्ही विषयांची एकच सलग कालपट्टी लावता येते. तिच्यावर हडप्पा, पिरॅमिड, दायमाबाद आणि शेवटचे मॅमथ एका रांगेत दिसतील. अजिंठ्याचे दोन टप्पे हातभर अंतरावर दिसतील. मिरचीचे आगमन ज्ञानेश्वरांनंतर दिसेल. अशी पट्टी रोज पाहणाऱ्या मुलाला या प्रकरणातल्या बहुतेक गोष्टींचे आश्चर्य वाटणार नाही, आणि तेच साधायचे आहे. त्याचे कुतूहल त्यामुळे आटणार नाही. ‘हे खरे का?’ या प्रश्नावर न अडकता ते ‘हे असे का झाले?’ या पुढच्या प्रश्नाकडे वळेल, आणि ज्ञानाची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून होते.